साखरपाण्यावरचे जंतू

मंगळवार, ११ मार्च. सकाळी थोडे ढग. गॅसची टाकी बदलली. विहिरीच्या पाण्याचा अहवाल आला. विष होते तेवढेच आहे. भावजी भरल्या ताटावरून उठले.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. प्रयोगशाळेत बरण्या धुण्यापासून जंतू सांभाळण्यापर्यंत सगळे तेच बघतात. आमच्या कुंपणाला लागून कीटकनाशकांचे गोदाम होते. ते बंद पडले, पण पिंपे गळत राहिली आणि विष मुरत मुरत आमच्या विहिरीत उतरले. भावजींच्या मॅडमनी त्याच मातीत ते विष खाऊन जगणारे जंतू शोधले. ते वाढवून विहिरीभोवती सोडायचे, आणि पाणी सुधारले नाही तर घर सोडायचे, असे ठरले होते.

मॅडम परगावी गेल्या तेव्हा बरण्या भावजींच्या हवाली होत्या. विषावर जंतू फार सावकाश वाढत. भावजींना ते बघवेना. मांजर व्याली तर तिला स्वतःच्या वाटणीचे दूध पाजणारा माणूस.

"वहिनी, नुसत्या विषावर कुणी अंग धरतं का?" असे म्हणून त्यांनी विष बंद केले आणि साखरपाणी चालू केले. बरण्या दाट, दुधाळ झाल्या.

"बघायला या एकदा. कसं बाळसं धरलंय."

"मग बारसंही उरका," मी म्हटले.

मॅडमही परतल्यावर खूश झाल्या. तेच जंतू मातीत सोडले.

आज अहवाल द्यायला त्या स्वतः आल्या. बोलता बोलता साखरेचे निघाले. त्या चिडल्या नाहीत, नुसत्या खाली बसल्या.

"काका, आयती साखर मिळाली की विष पचवायची ताकद त्यांना लागत नाही. पिढ्या उलटतात तशी ती जाते. आपण सोडले ते साधेच जंतू."

"मग मूळच्या बरणीतून पुन्हा वाढवू," भावजी म्हणाले.

"तिला तरी विषच घालत होता ना?"

"तिलाच एकटीला उपाशी कशी ठेवू?"

मातीतून नव्याने शोधता येतील म्हणे, पण प्रयोग या महिन्यात बंद होतो आहे आणि मॅडमची बदली झाली आहे. भावजींनी त्यांना फाटकापर्यंत पोचवले. परत आले ते मागच्या अंगणात गेले.

संध्याकाळी त्यांनी विहिरीचा दोर सोडून आणला. गाद्या बांधायला पुरला.