काकाला ग्रुपमधून काढलं

माझी कुठलीही वस्तू धाकट्या भावाच्या हातात गेली की ती त्याचीच वाटायची. बॅट माझी, गल्लीत नाव त्याचं. तरीही तो नोकरीसाठी दुबईला आला, सिलिकॉन ओएसिसला राहू लागला, तेव्हा माझ्या व्हिडिओ गेम्सच्या फॅमिली ग्रुपमध्ये, म्हणजे मी विकत घेतलेले गेम घरच्यांनाही खेळता येतात त्या ग्रुपमध्ये, त्याला मीच घेतलं.

आम्ही दुबईतच, अल मनखूलला राहतो. माझी दहा वर्षांची मुलगी रोज संध्याकाळी मी विकत घेतलेला एक शेतीचा गेम खेळायची. काकालाही नेमका तोच आवडला. पण एक गेम ग्रुपमधल्या एकालाच एका वेळी उघडता येतो. ती खेळत असली की तो थांबायचा, तो खेळत असला की ती. थांबणारा खेळणाऱ्याशी फोनवर बोलत बसायचा.

"काका, माय काऊ इज सिक."

"आधी तिला गोठ्यात ने. घाई करू नकोस."

मी ऑफिसातून आलो की ती फोन कानाशी धरूनच हात हलवायची. एकदा म्हटलं, मला विचार की, गेम माझा आहे. तर म्हणाली, "बट काका नोज."

ते मला झोंबलं. खोटं कशाला बोलू, माझा जळफळाट झाला. त्याच शुक्रवारी, ऑफिस अर्ध्या दिवसाचं होतं तेव्हा, मी भावाचं नाव ग्रुपमधून काढून टाकलं. काढल्यावर वाचलं की ती जागा आता वर्षभर कुणालाच देता येणार नाही, त्यालाही नाही. वाईट वाटलं, पण थोडंच. मुलीला सांगितलं, सिस्टिमनेच काढलं. भावाचा फोन आला, त्यालाही तेच सांगितलं.

"बरं दादा, बघतो काय करता येतं," तो म्हणाला.

पुढचे चार दिवस माझे होते. ती खेळायची, मी शेजारी बसून सल्ले द्यायचो. माझं ऐकून तिचं अख्खं पीक वाळलं, तरी ती चिडली नाही. मला वाटलं, जमतंय आपलं.

पाचव्या दिवशी दार उघडलं तर हॉलमध्ये हसणं चाललेलं. टीव्हीवर एकाऐवजी दोन शेतकरी. भावाने तोच गेम स्वतःसाठी विकत घेतला होता. आता दोघांकडे आपापला गेम, त्यामुळे कुणी कुणासाठी थांबायचं नाही. दोघं एकाच शेतात, एकाच वेळी.

"दादा आला का?" स्पीकरवरून तो म्हणाला. "बरं झालं रे सिस्टिमने काढलं, नाहीतर मला हे सुचलंच नसतं. वेटिंग खलास. आता रोज खेळणार आम्ही."

मुलीने सरकून मला सोफ्यावर जागा करून दिली. "सिट, बाबा. यू कॅन वॉच."

मी बसलो. तो तिला पाण्याचे पाट कसे काढायचे ते शिकवत होता. ती चुकली की हसायचा, मग पुन्हा सांगायचा. खूप छान शिकवत होता.