दोन इंची पाइपाची चाकं

रिमोटची गाडी खोक्यातून निघाली तेव्हा तात्यांनी सगळ्यात आधी चाकांवरून अंगठा फिरवला.

"अरे, ही तर नव्यातच घासल्यागत गोटा हायेत. फसवलं की रं तुमाला."

तात्या म्हणजे माझे मालक. बारामतीहून इंदापूरकडे जाताना, काटेवाडीच्या अलीकडे त्यांचं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सुटली, मग मिळेल ते काम करत इथवर आलो आणि दुकानामागच्या खोलीत राहिलो. आई गेली तेव्हा तात्या स्वतः जीप चालवत मला गावापर्यंत घेऊन गेले, आणि मी परत येईपर्यंत दुकान त्यांनी एकट्यानं ओढलं. त्यामुळे त्यांच्या घरात काही बिघडलं की काळजी आधी मला लागते. एरवी आई गेल्यापासून आत फारसं काही हलत नाही. जेवतो, झोपतो, मोटारी खोलतो.

गाडी मागवली होती त्यांच्या मुलानं. मी त्यांना दादा म्हणतो. गेल्या हंगामात उसानं भरलेली ट्रॉली पाण्याच्या चारीच्या कडेला पालथी झाली, ट्रॅक्टरही ओढला गेला, आणि दादांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. नवा पाय करून आणला होता, तो कॉटखाली पिशवीतच होता. दादा उंबऱ्याबाहेर येत नव्हते. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडायचे.

इंदापूरला एका मंगल कार्यालयाच्या गुळगुळीत फरशीवर रविवारी काही पोरं रिमोटच्या गाड्या आडव्या घसरवतात, ते त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. म्हणाले, "ही गाडी तशी चालली तर मी येतो इंदापूरला."

तात्यांनी हे काकूंना, म्हणजे दादांच्या आईला, सांगितलं, मग मला सांगितलं, मग पुन्हा काकूंना. गाडी चालायलाच हवी होती.

चाकं कडक प्लास्टिकची, बिननक्षीची. तात्यांचा जन्म ओल्या रानातून उसाच्या ट्रॉल्या बाहेर काढण्यात गेला. चाकानं जमीन धरली पाहिजे, एवढं एकच त्यांना ठाऊक, आणि मलाही ते पटलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर घालून चाकांवर टायरसारखी बसवलेली प्लास्टिकची कडी उचकटली. दोन तडकली. मग सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी चारही चाकांवर सोल्यूशननं घट्ट गुंडाळल्या.

"आता बघ कशी पकडती!"

पकडली. ओसरीतल्या फरशीवर दादांनी कॉटवर बसूनच रिमोट दाबला, गाडी सुटली, त्यांनी वळवली, आणि चाकांनी फरशी अशी धरली की गाडी जागच्या जागी उलटली. चाकं वर करून फिरत राहिली.

आत कुकरची शिट्टी झाली.

"पालथी झाली," दादा म्हणाले. रिमोट उशीपाशी ठेवला आणि भिंतीकडे वळले.

तात्या दारातून बाहेर गेले आणि दुकानाचं शटर उगीचच खालीवर करत राहिले. मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी गाडी उचलली आणि मोटर तापली आहे का, ते हात लावून पाहिलं.

दादांनी पाहिलेल्या व्हिडिओखाली इंदापूरच्या एका पोराचा नंबर होता. त्याला मी फोन लावला. सगळं ऐकून तो पोट धरून हसला.

"रबर लावलं? दाजी, गाडी घसरवायची हाय, नांगरट न्हाय करायची! कडक प्लास्टिकच लागतं. पाइप हाय का घरात?"

"पाइपाचंच दुकान हाय."

"मग मला कशाला फोन केला?"

दोन इंची पाइप करवतीनं कापून चार कडी केली, कडा पॉलिश पेपरनं घासल्या. इथं शेतात पाइप जोडताना उसाचं वाळलं पाचट पेटवून त्यावर पाइपाचं तोंड फिरवतात. मऊ झालं की दुसरा पाइप आत ठोकतात. पण एवढंसं कडं जाळावर धरलं की काळं पडून वेडंवाकडं व्हायचं. म्हणून काकूंकडे चहाचं भांडं मागितलं.

"त्यात पाइप उकळतोस व्हय रं? मग चहा कशात करू, तुझ्या टोपीत?"

तरी दिलं. उकळत्या पाण्यातून एकेक कडं काढून ट्यूबवरूनच चढवलं. तात्यांची ट्यूब मी काढली नाही. ती आत राहिल्यामुळेच कडी घट्ट बसली.

ओसरीत गाडी सोडली. रबराचा चर्रकन आवाज जाऊन आता नुसती सळसळ येत होती. दादांनी मान वळवली.

"आवाज बदलला."

"व्हय, दादा. पाइप लावलाय."

"आण रिमोट."

गाडी घसरली, पण लगेच भोवऱ्यासारखी फिरली. परत तेच. दादा कॉटच्या कडेला सरकले, वाकले.

"शेपूट फिरतंय त्याच बाजूला पुढची चाकं अजून ढकलत्यात. उलटी वळत्यात ती. शेपूट सुटल्यावर नाक सांभाळाय पायजे का न्हाय?"

गाडीच्या आत काडेपेटीएवढी जायरो नावाची डबी असते. गाडी फिरायला लागली की पुढची चाकं आपोआप सावरायचं काम तिचं. तिचं बटण उलट्या बाजूला होतं. ते फिरवलं, गाडी हातात धरून उजवीकडे वळवून पाहिली. पुढची चाकं डावीकडे गेली. मग जायरोचा जोर वाढवला तर चाकं थरथरायला लागली, कमी केला तर गाडी पुन्हा फिरायची. "थोडा वाढव. आता कमी. राहू दे, राहू दे!" दादा सांगत गेले, मी पेचकसानं पिळत गेलो. तात्या दारात उभे होते. या वेळी त्यांनी चाकांना हात लावला नाही.

रविवारी सकाळी दादांनी कॉटखालची पिशवी ओढली. पाय चढवताना मला बाहेर थांबायला सांगितलं. रस्ताभर मला धास्ती, फरशीवर पाय घसरला तर, कुणी टक लावून पाहिलं तर, गाडी उलटली तर. तात्यांना काय तोंड दाखवू?

कार्यालयात सात-आठ पोरं होती. त्यांनी दादांच्या पायाकडे एकदा पाहिलं आणि मग चाकांकडेच पाहत राहिली.

"पाइपाची? कसल्या पाइपाची?"

"शेतातल्या," दादा म्हणाले.

खांबाला टेकून त्यांनी गाडी सोडली. ती आडवी झाली, समोरच्या खांबाला तिनं वळसा घातला, नाक आत ठेवून लांबपर्यंत घसरत गेली. एक जण शिट्टी वाजवून म्हणाला, "पाव्हणं, परत दाखवा." दादांनी परत दाखवलं. मी भिंतीशी उभा होतो. भूक लागल्याचं कळलं, खूप दिवसांनी.

दुपारी तात्यांचा फोन आला. दादांनीच घेतला.

"जेवाय थांबू नका, तात्या. हितं मिसळ आणाय गेल्यात पोरं." मग जरा वेळ ऐकत राहिले. "न्हाय, न्हाय. बरा हाय मी. संध्याकाळी येतो."

फोन खिशात टाकून त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी गाडीची दुसरी बॅटरी दिली.