एका पॉइंटासाठी दोहा

सहा मॅच झाल्या होत्या आणि सहाही हरलो होतो. आमच्या टीमने अख्ख्या सीझनमध्ये दोन गोल केले होते, त्यातला एक समोरच्यांच्या बॅकने चुकून स्वतःच्याच जाळ्यात घालून आम्हाला दिला होता. एवढं कळल्यावर कुणीही शहाणं माणूस टीम बदलेल. मी विमानाचं तिकीट काढलं.

आमचे हे म्हणाले, "हरलेली मॅच बघायला परदेशात जायचं? इथं काय कमी हरतात?" मी लक्ष दिलं नाही. यांना फुटबॉल कळत नाही, आणि लग्नाआधी हे मला सांगितलं गेलं नव्हतं.

मी कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठापेठांतलं वैर, आणि कॉलेजची टीम म्हणजे जातीपातीच्या वरचं काहीतरी. मी कॉलेजात होते तेव्हा मुलींनी मैदानात जाऊन बसायची पद्धत नव्हती. मैदानाला लागून माझ्या मैत्रिणीचं घर होतं, तिच्या गच्चीवरून मी एकही मॅच चुकवली नाही. टीमने कधी काही जिंकलं नाही हा भाग वेगळा. पुढे कॉलेजने टीमच बंद केली आणि अर्ध्या मैदानावर आता दुचाक्या लागतात.

ती टीम जिवंत राहिली ती दोह्यात. आमच्या कॉलेजची बरीच मुलं तिकडे नोकरीला आहेत, वेल्डरपासून अकाउंटंटपर्यंत. त्यांनी कॉलेजच्याच नावाने टीम काढली आणि तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या लीगमध्ये घातली. आठ टीम, प्रत्येकीच्या सात मॅच. माझा धाकटा भाऊ संजू त्यात गोलकीपर. लीगचा नियम असा की, सीझनभरात ज्या टीमला एकही पॉइंट मिळत नाही तिची जागा वाट बघत बसलेल्या दुसऱ्या टीमला जाते. म्हणजे शेवटची मॅच निदान बरोबरीत सोडवली नाही तर आमची टीम तिथूनही संपणार होती. अशा वेळी गच्चीवर बसून चालत नाही.

आता तुम्ही जाणार असाल तर कामाचं सांगते. कोल्हापूरहून रात्रीच्या बसने मुंबई, तिथून विमानाने साडेतीनेक तास. घड्याळ अडीच तास मागे घ्यायचं. व्हिजिट व्हिसाची खटपट टीमचा कॅप्टन दिलीप याने केली होती, त्याच्याच घरी मी उतरणार होते. त्याच्या बायकोने, मनीषाने, आधीच बजावलं होतं की खसखस अजिबात आणू नका, तिकडे तिच्यावर बंदी आहे, पांढऱ्या रश्श्यासाठीही नको. खोबऱ्याबद्दल ती बोलायची विसरली. मुंबईला माझी बॅग उघडून सगळं सुकं खोबरं काढून घेतलं. विमानात ते चालत नाही म्हणे, पेट घेतं. कांदा-लसूण चटणी मात्र सुखरूप पोचली. दोह्यात बॅग तपासणाऱ्याने डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि डोळे पुसत मला जायला सांगितलं.

दिलीपचं घर फरीज बिन ओमरान भागात आहे. चार मजली इमारती, खाली किराणा, लाँड्री, केरळी हॉटेल. चहा तिथे 'करक' मागायचा, आपल्यासारखाच कडक मिळतो. नुकत्याच एशियन गेम्स होऊन गेल्या होत्या, त्यामुळे रस्ते गुळगुळीत आणि चौकाचौकांत झेंड्यांचे खांब उरलेले. दिलीपची मुलगी पूर्वा नऊ वर्षांची, इंग्रजी शाळेतली. तिला मराठी सगळं समजतं, बोलत नाही. मी विचारलं, "काय गं, तुझ्या बाबांची टीम कशी खेळते?"

"आँटी, दे ट्राय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संजूला भेटायला दिलीपच्या गाडीने अल खोरला गेले. उत्तरेला पाऊण-एक तासाचा सरळ रस्ता, दोन्हीकडे सपाट वाळू, मध्येच एखादी मशीद आणि पेट्रोल पंप. संजू रास लफानच्या गॅस प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. प्लांटमध्ये पासाशिवाय सोडत नाहीत, आणि कंपनीच्या कॅम्पात बायकांना प्रवेश नाही, म्हणून आम्ही समुद्राकाठी बाकड्यावर बसलो. नाइट शिफ्ट करून आला होता. मी घरचं विचारत होते आणि तो "हं", "व्हय", "बरं हाय" एवढंच म्हणत होता. वहिनीबद्दल विचारलं, पोरांबद्दल विचारलं, तेच. लहानपणी याला गप्प बसवायला आई लाटणं घेऊन मागे लागायची. शेवटी मी म्हटलं, "परवाच्या मॅचचं काय?"

एकदम सरळ बसला. "अक्का, आमचा डावा बॅक हाय न्हवं, त्यो म्हणजे निव्वळ भिताड. बॉल गेल्यावर वळतंय. आन् रेफ्री तर बगायलाच नको." पुढचा अर्धा तास मला बोलायला मिळालं नाही. बारा तासांची शिफ्ट, बस, मेस, झोप, पुन्हा बस, हा त्याचा आठवडा. शुक्रवारी कुणाकुणाशी शिफ्ट बदलून, कंपनीच्या गाडीत जागा मिळवून तो दोह्याला येतो आणि दीड तास गोलपोस्टमध्ये उभा राहून सगळ्यांवर ओरडतो. निघताना मी विचारलं, "आणि टीम गेली तर?"

"मग काय, शुक्रवारी झोपायचं," तो म्हणाला आणि चपलेतली वाळू झाडत बसला. तोपर्यंत मी कॉलेजच्या इज्जतीसाठी आले होते, परत जाताना गाडीत मला कॉलेज आठवलंही नाही.

गुरुवारी मनीषाने सूक वाकिफला नेलं. जुना बाजार नव्याने बांधायचं काम चालू होतं, तरी मसाल्याची दुकानं उघडी होती. मी काजू, तीळ, धणे, मिरी घेतली. दुकानदार इराणी होता. मनीषाने हिंदीत घासाघीस केली, मी मराठीत केली, आणि त्याने दोघींना सारखाच भाव लावला. पिंजऱ्यांतले बुजरे ससे, दोरखंड, अत्तरं असं बरंच काही बघण्यासारखं आहे, तुम्ही निवांत बघा. माझं डोकं दुसरीकडे होतं. टीम का हरते ते मला कळलं होतं.

मेसमध्ये वरण, भात आणि खुबूस नावाची जाड रोटी. असल्या खाण्यावर कोल्हापूरचा माणूस पळेल कसा? त्याला पोटभर मटण आणि तांबडा-पांढरा घातला की तो म्हशीच्याही पुढे पळतो, हे मी उगाच नाही म्हणत, आमच्याकडे म्हशी खरोखर पळवतात. मी जाहीर केलं की शुक्रवारी मॅचच्या आधी टीम इथे जेवेल. खरं म्हणजे आमच्याकडे रस्सा मंडळ, म्हणजे सगळ्यांची रश्श्याची पंगत, बसतं ते मॅच जिंकल्यावर. पण यांच्या जिंकण्याची वाट बघत बसले असते तर चटणीला बुरशी लागली असती.

शुक्रवारी सकाळपासून मनीषा आणि मी स्वयंपाकघरात होतो. ओला नारळ खालच्या केरळी दुकानात मिळाला. खसखशीची उणीव काजूंनी भरून काढली. बारापर्यंत अकरा खेळाडू हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरून बसले. पहिल्या वाटीला सगळ्यांनी बाह्या वर केल्या. दुसऱ्या वाटीला एकाने डोळे मिटले. चौथ्या वाटीला दिलीप म्हणाला, "बास करा रं, चार वाजता पळायचं हाय आपल्याला." आणि स्वतःची वाटी पुढे केली.

एवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे इक्बालभाई जुम्म्याची नमाज आटपून आले होते. मूळचे रत्नागिरीचे, एका कंपनीत स्टोअर सांभाळतात, आणि त्या दिवशी आमच्याविरुद्ध खेळणाऱ्या रत्नागिरीच्या टीमचे कॅप्टन. मैदानाच्या गेटची किल्ली दिलीपकडे होती, ती घ्यायला आले होते. मागे त्यांची टीम, कारण सगळे त्यांच्याच व्हॅनमधून जाणार होते. इक्बालभाई दारात उभे राहिले आणि त्यांनी एक मोठा श्वास घेतला.

आता मला सांगा, जेवणाच्या वेळी दारात आलेल्या माणसाला हातात किल्ली देऊन कोण पाठवतं? मी म्हटलं, "जेवल्याशिवाय जायचं नाही." ते म्हणाले, "नको हां ताई, मॅच आहे." मी म्हटलं, "नुसता रस्सा घ्या." मटण तिथलंच, हलाल, त्यामुळे त्यांची काही अडचण नव्हती. नुसत्या रश्श्याबरोबर भाकरी आली, भाकरीबरोबर मटण आलं, आणि त्यांच्या मागे उभे असलेले काय नुसते बघत राहणार होते? दुसरी पंगत बसली. आमच्यात रिकामी वाटी दिसली की न विचारता भरतात. इक्बालभाई वाटीवर हात ठेवायचे, तर मनीषा ताटात वाढायची. "आता बस ताई, पोटात जागा नाय," असं ते म्हणाले तेव्हा त्यांची पाचवी वाटी चालू होती.

मी कटकारस्थान केलं असं नंतर दोह्यात बोललं गेलं. मी शपथेवर सांगते, मॅच माझ्या डोक्यातून साफ गेली होती.

चार वाजता एका शाळेमागच्या वाळूच्या मैदानावर शिट्टी वाजली. फेब्रुवारीत हवा छान असते, स्वेटर न्या. बघायला पुढच्या मॅचची केरळी मंडळी, मनीषा, पूर्वा आणि मी. पहिली दहा मिनिटं मला वाटलं हे डावपेच आहेत. मग लक्षात आलं की कुणाला पळताच येत नाहीये. बॉल मध्यभागी पडायचा, दोन्हीकडचे दोघे त्याच्याकडे चालत जायचे, आणि आधी कोण पोचतो ते बाकीचे वीस जण कमरेवर हात ठेवून बघायचे. आमचा डावा बॅक ढेकर देण्यासाठी थांबला आणि त्याच्यासमोरचा फॉरवर्ड, माणुसकी म्हणून, तोही थांबला. रेफ्री केरळचा होता, त्याने काही खाल्लेलं नव्हतं. तो एकटाच पळत होता. शेवटी बॉल काखेत घेऊन त्याने विचारलं, "क्या हुआ है? सब बीमार है क्या?"

"नहीं, खाना हुआ है," दिलीप म्हणाला.

मध्यंतरात दोन्ही टीम एकमेकांच्या शेजारी आडव्या झाल्या. पूर्वा माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आँटी, दे आर नॉट लूझिंग." तोपर्यंत मी हसत होते. मग मात्र मला बोर्ड दिसला. शून्य-शून्य. पंचेचाळीस मिनिटं असंच रेंगाळले तर पॉइंट मिळणार होता. माझं हसू गेलं आणि मी उठून उभी राहिले.

अगदी शेवटी शेवटी त्यांचा एक पोरगा बॉल घेऊन आमच्या गोलजवळ आला आणि आपला आपणच पडला. संजू त्याच्यापासून चांगला दोन हात लांब होता. पण पोरगा पोट धरून उठेचना, आणि रेफ्रीला पोरगा उठत नाही याचा एकच अर्थ माहीत. पेनल्टी दिली. मारायला इक्बालभाई आले.

मी इतकी वर्षं गच्चीवरून गोलकीपरना सल्ले दिलेत, त्या क्षणी मी पूर्वाचा हात धरून नुसती बघत होते. माझा चाळिशीला टेकलेला भाऊ गुडघ्यांवर हात ठेवून वाकला होता आणि मला आपला तो बाकड्यावर चपला झाडताना दिसत होता. देवाला मी कप मागितला नाही, गोलही नाही, फक्त याचा शुक्रवार राहू दे म्हटलं. इक्बालभाई धावत आले, म्हणजे धावत येण्याचा त्यांचा विचार दिसला, आणि त्यांनी पाय उचलला. संजू डावीकडेही गेला नाही, उजवीकडेही नाही, कारण जाणं शक्यच नव्हतं. बॉल सरळ येऊन त्याच्या पोटावर बसला. त्याने दोन्ही हातांनी तो मिठीत धरला आणि तसाच खाली बसला. थोड्या वेळाने रेफ्रीने कंटाळून शेवटची शिट्टी वाजवली.

आमची टीम एकमेकांच्या गळ्यात पडली, दिलीप रडला. केरळी मंडळींपैकी एकाने मला विचारलं, "फायनल था क्या?" इक्बालभाईंच्या टीमकडे आधीच पुरेसे पॉइंट होते, तरी त्यांची पोरं त्यांच्याकडे संशयाने बघत होती. मी जवळ गेले तर त्यांनीच हात जोडले. "ताई, खाल्ल्या मिठाला जागलो असं कुणाला सांगू नका. मी कोपऱ्यातच मारलेला, पाय वर गेला नाय." खरं काय ते त्यांना आणि त्यांच्या पाचव्या वाटीला ठाऊक. संजूला विचारलं तर तो म्हणाला, "मी वाचवला." मी मान डोलावली.

रविवारी परतले. येताना खजूर आणले, आणि यांच्यासाठी एक अत्तर, ते यांनी कपाटात ठेवलंय. लोक विचारतात दोह्यात काय बघितलंस. वाळवंटातली सफारी केली नाही, मोत्यांची दुकानं बघितली नाहीत, समुद्रकाठचा रस्ता गाडीतूनच पाहिला. तुम्ही जाल तेव्हा हे सगळं करा. माझ्यासारखं एका निकालासाठी जाऊ नका, कारण बाकीचा देश नीट दिसत नाही. तरी पैसे वाया गेले असं मला एकदाही वाटलं नाही.

नवा सीझन ऑक्टोबरात सुरू झाला. पहिल्या शुक्रवारी संध्याकाळी संजूचा फोन आला. चार-शून्यने हरले होते. ऑफसाइडचा गोल दिला म्हणून रेफ्रीला, वळत नाही म्हणून डाव्या बॅकला, आणि वाळूत पाणी मारलं नाही म्हणून कमिटीला, असं करत तो तासभर एकेकाचा उद्धार करत होता. मला "हं" म्हणायलाही जागा दिली नाही. फोन ठेवला तेव्हा हे वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, "काय म्हणतोय संजू?"

"मजेत आहे," मी म्हटलं.