आशाबाईचा लाल धागा

वरोऱ्यात स्टेशनकडच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात एकच कुजबुज होती. साधना टेलरची माय जुन्या कपड्यांत करणी शिवते आणि मग ते कपडे दान करते. पुरावाही होता. सदरा उलटा करा, साडीचा काठ चाचपा, कुठल्यातरी कोपऱ्यात लाल धाग्याची गाठ लागणारच. तो कपडा जो अंगावर घालेल त्याचा सांधा धरतो. एकाचा धरलाही होता, गुडघा टम्म फुगला होता. कोणाचा, ते मात्र कोणी सांगत नव्हतं. नाव नसल्यामुळे गोष्ट अडली नाही, उलट सुसाट पळाली. नाव असतं तर कोणीतरी जाऊन गुडघा पाहून आलं असतं ना!

साधनाच्या कानावर ती सगळ्यांत शेवटी आली, आणि शब्दांत आलीच नाही. सात ब्लाउजपीस परत गेले, त्या रूपात आली.

गल्लीतल्या निशाचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. तिच्या घरचे सातही ब्लाउज साधनाकडे होते. मापं झालेली, अस्तरं भिजवून वाळवलेली. भर दुपारी निशाची काकू दारात उभी राहिली. आत आली नाही. एरवी ही बाई कूलरसमोर बसून दोन ग्लास पाणी प्यायल्याशिवाय उठत नसे.

"ते कपडे राहू दे साधना. आमचं चंद्रपूरले ठरलं शिवायचं."

"काऊन वं काकू? कटिंग करून राह्यली मी आज."

"कटिंग नाई झाली ना? मंग बरं झालं," काकू म्हणाली. पिशवी तिनं दोन बोटांनी धरली आणि भिंतीच्या सावलीनं झपाझप निघून गेली.

त्यानंतर साधनाला मशीनवर बसवेना. बसली की सुई तुटे. उठली की रस्त्याकडे नजर जाई, आता कोण येतं न्यायला? साधनाचं वय सत्तेचाळीस. लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, या प्रश्नावर गल्लीनं वीस वर्षं मेहनत घेतली आणि शेवटी कंटाळून सोडून दिला. वडील बापूजी तीन वर्षांपूर्वी गेले. घर चालायचं ते समोरच्या खोलीतल्या मशीनवर, आणि मशीन चालायचं ते लग्नसराईवर. सराईचे दोन महिने बुडाले तर पुढचं वर्ष कसं काढायचं, हे साधनाला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. जिच्या घरात कपड्याला करणी लागते, तिच्याकडे नवरीचा ब्लाउज कोण टाकेल?

आणि जिच्यामुळे हे सगळं, ती तिची माय आशाबाई मागच्या खोलीत पाय पसरून एका जुन्या परकराला लाल गाठ मारत बसली होती.

आशाबाई शहात्तर वर्षांची, चिमणीएवढी, आणि चिमणीसारखीच एका जागी न टिकणारी. तिला दोनच नाद. पहिला, घरातले जुने कपडे देऊन टाकायचा. पण देणं तरी कसं! धुणार, तुटलेली बटणं लावणार, उसवलेलं शिवणार, घडी करून उशीखाली दाबणार. मग अर्धे बसस्टँडजवळच्या माणुसकीच्या भिंतीवर नेऊन टांगणार आणि अर्धे भांडेवालीला देऊन डबा नाहीतर गंज, म्हणजे पातेलं, घेणार. दुसरा नाद, बाजाराच्या दिवशी विक्कीच्या ढिगातून जुने कपडे विकत आणायचा. विक्की ताडपत्री अंथरून त्यावर कपड्यांचा डोंगर ओतायचा, आणि आशाबाई त्या डोंगराला भिडायची. काखेचा वास घेणार, उन्हात धरून विरलंय का पाहणार, चेन दहादा वरखाली करणार. मग निम्म्याहून कमी भाव सांगणार आणि तोच घेणार. विक्की म्हणायचा, "आजी, तुम्ही आल्या का मले घाम सुटते."

तिच्या पराक्रमांत पोपटी साडीचा पहिला नंबर. अडीच वर्षांपूर्वी ती तिनं ढिगातून काढली. कोरी करकरीत, घडीसुद्धा मोडली नव्हती. त्या दिवशी आशाबाई गल्लीत दारोदार फिरली. "पाह्य वं, पाह्य! कोण्या येड्या बाईनं टाकून देल्ली. तुम्ही दुकानात गादीवर बसून फसता, मी मातीत बसून हिरा काढतो!" तेव्हापासून गल्लीत कोणीही नवी साडी घेतली की आशाबाई किंमत विचारायची, आणि ऐकून नुसतं हसायची. त्या हसण्यानं बायका जळायच्या. गंमत अशी की ती साडी नेसलेली आशाबाई कोणी कधी पाहिली नव्हती. "सणाले नेसीन," म्हणायची. पाच सण गेले. साडी ट्रंकेच्या तळाशी.

"माय, हा धागा कायले बांधते तू?" साधनानं विचारलं. गेली दोन वर्षं ती हे पाहत होती. म्हाताऱ्या माणसाची सवय म्हणून कधी विचारलं नव्हतं.

"असंच."

"असंच काऊन? लोक करणी म्हणून राह्यले. निशाचे सात ब्लाउज गेले आज."

आशाबाईचा हात थांबला. "लोकायले काम नाई," असं म्हणून तिनं धागा दातानं तोडला. पण परकर तिनं मांडीखाली सरकवला, हे साधनानं पाहिलं.

दोन दिवसांत आणखी तीन पिशव्या गेल्या. कोणी भांडलं नाही, कोणी काही बोललं नाही. भांडलं असतं तर बरं, उत्तर तरी देता आलं असतं. साधना पाणी प्यायला उठे आणि ग्लास हातात घेऊन दारातच उभी राही. समोर बदामाच्या सावलीत सोमाजीकाका खुर्ची टाकून बसलेले असायचे, एक पाय स्टुलावर. हे खाणीतून निवृत्त झालेले बाबू. पोशाखाचे शौकीन. अंगातलं सगळं नागपूरचं, सीताबर्डीवरून आणलेलं, असं ते न विचारता सांगत. ती तपकिरी पँटही सीताबर्डीचीच. गल्लीतली कोणतीही बातमी त्यांच्या खुर्चीला वळसा घातल्याशिवाय पुढे जात नसे. साधनाला पाहून ते हल्ली पेपर वर धरू लागले होते.

बाजाराच्या दिवशी साधनानं दुकानाला कुलूप लावलं आणि आईबरोबर निघाली. ठरवूनच निघाली, की आज हिला चार लोकांदेखत त्या ढिगापासून ओढून आणायची आणि हा नाद बंद करायचा.

ऊन असं, की डांबर चपलेला धरून राहत होतं. आशाबाई पदर डोक्यावर घेऊन ढिगात कोपरापर्यंत शिरली. साधना बाजूला उभी, कोण पाहतंय ते पाहत. सोयाबीनच्या रिकाम्या पोत्यांवर बसलेल्या दोन बाया पाहत होत्या. गल्लीतली दिव्यावहिनी वांगी निवडता निवडता पाहत होती. आशाबाईनं एक निळं पोलकं उपसलं. वास घेतला. उन्हात धरलं. पसंतीनं मान हलवली. मग बोटं काठावरून फिरवत नेली, आणि एकदम विंचू डसल्यासारखं तिनं ते पोलकं फेकून दिलं.

ते दिव्यावहिनीच्या पायाजवळ पडलं. काठाला लाल गाठ.

"बाप्पा!" दिव्यावहिनी वांगी टाकून मागे सरकली. "सोताच बांधते अन् सोताले हात लावाची हिंमत नाई!"

खरं सांगायचं तर त्या क्षणाला, भर उन्हात, साधनालाही वाटून गेलं : खरंच काही असलं तर? सख्ख्या आईबद्दल असं वाटलं, याची तिला इतकी लाज वाटली की ओढून आणायचं राहूनच गेलं. दोघी गुपचूप घरी आल्या. वाटेत आशाबाई एवढंच म्हणाली, "विक्कीचा माल आता पह्यलेसारखा नाई राह्यला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत दुकानासमोर चार बाया. दिव्यावहिनी सगळ्यांत पुढे. सगळ्यांना आपापले कपडे हवे होते, शिवलेले, न शिवलेले, कसेही.

साधना रात्रभर कूस बदलत होती आणि पहाटे तिला एक साधा प्रश्न सुचला होता. तो तिनं आता विचारला. "देतो. सगळ्यायचे देतो. पण वहिनी, मले एक सांगा. हा धागा पह्यले कोणाले दिसला?"

"मले तं सोमाजीभाऊनं सांगितलं," दिव्यावहिनी म्हणाली. बाकीच्या तिघींनी माना डोलावल्या. तिघींना तिनंच सांगितलं होतं.

साधनानं रस्त्यापलीकडे हाक मारली. "काका! जरा इकडे या!"

सोमाजीकाका पेपरमागून निघाले. उजवा पाय टेकवत, चेहरा वाकडा करत, हळूहळू आले. बायका त्या पायाकडे पाहू लागल्या.

"काका, धागा तुम्हाले दिसला म्हणते वहिनी. कुठी दिसला?"

"लोक म्हणतात वं. मी आपलं ऐकलं."

"कोणापासून?"

"आता नाव कायले..."

"धागा आतल्या बाजूले असते काका. कपडा हातात घेऊन उलटा केल्याबिगर दिसत नाई. तुमचे कपडे तं सीताबर्डीचे. मंग तुम्ही दानातला कपडा उलटा कायले केला?"

सोमाजीकाकांच्या कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला. साधनाची नजर खाली गेली. तपकिरी पँट. उजव्या गुडघ्याच्या बाजूला तिकोनी रफू. तो रफू तिनं ओळखला. तिनंच केला होता, सायकलच्या मडगार्डला बापूजींची पँट अडकून फाटली होती तेव्हा. तिचे कान तापले. शब्द जिभेवर आले. चार बाया समोर, एका वाक्यात सगळं संपलं असतं. करणी संपली असती आणि सोमाजीकाकाही संपले असते. सराई वाचली असती.

"साधना," मागून आशाबाई म्हणाली. "भाऊले खुर्ची दे. पाय दुखते त्यायचा."

"माय, तू गप..."

"खुर्ची दे म्हणतो ना!"

आशाबाईच्या हातात पोपटी साडी होती. कटिंगच्या टेबलावर तिनं ती ठेवली आणि घडी मोडली. चारचौघींदेखत पहिल्यांदाच. आतला काठ शोधून दिव्यावहिनीसमोर धरला. आहेराच्या साड्यांवर लग्नघरात नावं लिहितात, अदलाबदल होऊ नये म्हणून, तसं तिथं निळ्या बॉलपेननं लिहिलेलं होतं.

"वाच."

दिव्यावहिनीनं वाचलं, "आशाबाई, वरोरा... हे तं तुमचंच नाव व्हय!"

"माह्यंच हाय. आलापल्लीले भाचीच्या लग्नात आहेर भेटला होता. रंग डोळ्यात घुसे, म्हून घडी न मोडता भांडेवालीले देल्ली अन् डबा घेतला. पुढच्या साली मोतीबिंदूनं दिसत नोयतं, तं तीच साडी विक्कीपासून इकत आणली. अन् तुमच्या दारोदार नाचली." तिनं दम घेतला. "डोळ्याचं आपरेशन झाल्यावर नाव वाचलं. ते येडी बाई मीच."

मग दिव्यावहिनीच्या घशातून एक बारीक आवाज आला, तिनं पदर तोंडात कोंबला, तरी तो बाहेर आलाच. बाकीच्या तिघी टेबलाला धरून खाली बसल्या. अडीच वर्षांचं हसू तुंबलेलं होतं, ते असं सुटलं की पलीकडच्या पानठेल्यावरची माणसं उठून पाहायला आली. एकीनं विचारलं, "आशाबाई, डबा तरी ठेवला का तो?" आशाबाई म्हणाली, "त्याच्यात सुया हायेत." पुन्हा हसू.

सोमाजीकाका मात्र हसले नाहीत. ते खुर्चीच्या काठावर, हात उजव्या गुडघ्यावर पसरून बसले होते.

"भाऊ," आशाबाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, "डाक्टरले दाखवा. मनावर घेऊ नका."

पिशव्या कोणीच नेल्या नाहीत. निशाचे सात ब्लाउज संध्याकाळी परत आले, चंद्रपूरच्या टेलरला वेळ नाही अशी थाप घेऊन. काकू आत बसून दोन ग्लास पाणी प्यायली आणि पोपटी साडी पाहायला मागितली. पुढं महिनाभर तरी गल्लीत आशाबाई दिसली की कोणीतरी म्हणायचं, "हिरा सापडला का?" आशाबाई दारामागून शिव्या द्यायची. साधना मशीनवर होती, पण तिचं मन अजून ठिकाणावर नव्हतं. निशाच्या चौथ्या ब्लाउजची बाही लावता लावता तिनं विचारलंच.

"माय, सोमाजीकाकाच्या अंगात बापूजीचा पँट होता. तुले माहीत होतं?"

"सालभरापासून पाहून राह्यली."

"मंग बोलली काऊन नाई?"

"बरा बसते त्याले," आशाबाई म्हणाली, आणि तोच परकर मांडीवर घेऊन पुढची गाठ मारू लागली.

करणी वगैरे काही नव्हतं. आपणच टाकलेला कपडा पुन्हा विकत घेऊ नये, यासाठी खुणेला तो लाल धागा होता. सोमाजीकाकांच्या गुडघ्यात युरिक ॲसिड होतं.