पाठीमागे बांधलेले हात

मी दारात दिसले की वाचनालयातल्या नलूताई पूर्वी माझं कार्ड आधीच काढून ठेवायच्या. आता संगणक आला, आणि वर्षभरात त्याचीही पद्धत दुसऱ्यांदा बदलली. काल त्या एका बोटाने माझं नाव शोधत होत्या. शेजारी नवी रूपाली उभी होती, हात पाठीमागे घट्ट बांधून.

"तूच कर गं बाई, लोक खोळंबलेत," नलूताई काकुळतीला आल्या.

"खोळंबू देत. तुम्हीच करा ताई, मी आहे इथे," रूपाली म्हणाली.

मला माझं ऑफिस आठवलं. तिथे संगणक आले तेव्हा मी जरा अडले की कुणीतरी "द्या इकडे" म्हणत माऊस ओढून घ्यायचं. काम व्हायचं, पण माझी खुर्ची रोज थोडी परकी व्हायची. शेवटी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. अजूनही सकाळी दहा वाजले की खिडकीजवळचं ते टेबल आठवून जीव कासावीस होतो. माझ्याजवळ कुणी असं उभं राहिलं असतं तर?

"आलं!" नलूताई लहान मुलीसारख्या हसल्या आणि त्यांनी पुस्तक पुढे केलं. ते घ्यायला गेले तेव्हा कळलं, माझेही हात केव्हाचे पाठीमागे बांधलेले होते.