डावीकडची सीट

आधीच सांगते, माझा या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. अंबडला कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या कंपनीत मी टेस्टिंगला आहे. वायर कुठे तुटली, करंट कुठे अडला, हे शोधणं हेच माझं काम. तरीही लिहितेय... कारण हा फॉल्ट मला सापडलेला नाही.

माझं लग्न गेल्या वर्षी झालं. माझं पहिलं, प्रकाशचं दुसरं. त्यांची पहिली बायको, वैशाली, डेंग्यूने गेली. मागे ठेवून गेली ती एक कॅम्पर व्हॅन! शाळेची जुनी गाडी घेऊन दोघांनी सुट्टीच्या दिवशी खपून बनवलेली. आत पलंग, शेगडी, बेसिन. पडदे वैशालीने शिवलेले. प्रत्येक बटणाखाली तिच्या अक्षरात चिठ्ठी – पंखा, दिवा, पाणी – आणि शेजारी इवलंसं फूल.

खरं सांगू? त्या फुलांनी माझा जीव जळायचा. घरात तिचा फोटो होता, त्याचं काही वाटत नव्हतं. पण गाडीत बसलं की प्रकाश सुरू व्हायचे, "वैशू असा गिअर टाकायची, वैशू घाटात अशी वळवायची." मला कार उत्तम चालवता येते. पण ही गाडी? "नको, तिची सवय वेगळी आहे." गाडीची की बायकोची, हे मी विचारलं नाही.

आणि गाडीलाही मी नकोच होते. मी पुढे डावीकडे बसले की चावी फिरवल्यावर नुसतं टक्. मी उतरले की एका सेल्फमध्ये चालू! चालू गाडीत चढायला गेले, की बंद.

पहिल्यांदा हसलो. मग बॅटरी नवी टाकली, टर्मिनल घासले, रिले बदलला, अर्थिंगची वायरही बदलली. मिस्त्रीने सेल्फ खोलून पुन्हा बसवला. मी सीटवर बसले, त्याने मीटर लावला. बॅटरीला व्होल्टेज पूर्ण, सेल्फच्या वायरवर शून्य. मी खाली उतरले, व्होल्टेज हजर.

वजनाने एखादी वायर दबत असेल म्हणून सीट उचकटली. खाली वायरच नव्हती. चांदवडहून आलेली कांद्याची गोणी सीटवर ठेवली – चालू. शेजारच्या काकूंना बसवलं – चालू. कांदा चालतो, काकू चालतात, मी चालत नाही!

सासूबाई चांदवडच्या. ओट्यावरून सगळं बघत होत्या. "टाक घाल म्हनलं तवा नाय घातला. ती रुसली हाय."

टाक म्हणजे चांदीचा अंगठ्याएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती. आमच्याकडे दुसरेपणावर आलेली बाई मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालते. त्यांनी लग्नाआधीच करून ठेवला होता. मी साफ नाही म्हटलं होतं. पडदे तिचे, बटणं तिची, नवऱ्याच्या तोंडी ती... आता गळ्यातही तीच?

दसऱ्याला सकाळी गाडीला झेंडूचं तोरण बांधलं, नारळ फोडला. चांदवडला नणंदेकडे जायचं होतं. सगळी गल्ली बघत होती. मी पुढे बसले. टक्.

प्रकाश हळूच म्हणाले, "तू मागे बस ना. काय फरक पडतो?"

फरक पडतो! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्न करून मागच्या सीटवर बसायला आले होते का मी?

"अहो, उतरा खाली," मी म्हटलं. "आई, तो टाक द्या."

सासूबाईंनी कनवटीचा टाक काढून दिला. मी तो गळ्यात घातला नाही. डावीकडच्या सीटवर ठेवला, झेंडूच्या दोन फुलांवर. मग स्टिअरिंगवर बसले, दार ओढून घेतलं आणि तिला म्हणाले, "ही घे तुझी जागा. मला नकोच. गाडी मी चालवते. बघ पटतंय का."

चावी फिरवली. इतकी गुळगुळीत चालू झालेली ती गाडी मी कधी ऐकली नव्हती.

प्रकाश डावीकडच्या दाराशी आले. सासूबाईच म्हणाल्या, "बस की मागं. लय फरक पडतो व्हय?"

त्या दिवसापासून गाडी माझ्या हाताने चालू होते. प्रकाशनी चावी फिरवली तर टक्. मीटर लावून पाहिलं, वायरिंग पुन्हा तपासलं. उत्तर नाही. कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा.

एक मात्र राहिलं. त्याच दिवशी ओझरच्या पुढे, रस्ता मोकळा होता, सासूबाई मागे डुलक्या घेत होत्या. प्रकाश पडद्याशी अंग चोरून बसले होते. अचानक पुढे वाकून, जरा घुश्शातच म्हणाले, "केव्हापासून काय कुजबुजताय गं दोघी? मलाही सांगा ना."

निघाल्यापासून मी एक शब्दही बोलले नव्हते.