समजा, क्ष

पन्नासच्या दशकात मी घाटकोपरच्या एका शाळेत नववीला बीजगणित शिकवायचे. नवखी होते आणि मुख्याध्यापकांना टरकून असायचे. कच्च्या मुलींनी बीजगणित सोडून साधं अंकगणित घ्यावं, असं त्यांचं ठाम मत. पण अंकगणित घेतलं की सायन्सचा दरवाजा कायमचा बंद.

माझ्या वर्गात विक्रोळीच्या एका कारखाना-कामगाराची मुलगी होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि चाचणीत मिळाला होता भोपळा. "सहामाहीत नापास झाली की अंकगणितात," मुख्याध्यापकांनी सुनावलं. माझी जीभ कुठली गप्प बसायला! "मी तयारी करून घेते," म्हणून बसले.

शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घ्यायचे. तिच्या वहीत प्रत्येक गणित 'समजा' या शब्दाने सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं. एके दिवशी माझा पारा चढला.

"पुढे का लिहीत नाहीस गं?"

"बाई, तुम्ही म्हणता समजा. मला समजतच नाय. मग पुढे कसं लिहू?"

चार महिने मी फळ्यावर 'समजा, क्ष' लिहीत होते आणि ही पोरगी तो हुकूम मानून घाबरत होती.

"अगं, समजा म्हणजे धरून चाल. क्ष किती ते मलाही ठाऊक नसतं."

"तुम्हाला पण नाय?" तिने संशयाने विचारलं. मग पहिलं समीकरण मांडलं.

सहामाहीत तिला बावन्न गुण मिळाले. मला आनंद व्हायच्या आत मुख्याध्यापकांनी आम्हा दोघींना बोलावलं.

"हिने कॉपी केलीय," ते मला म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "फळ्यावर सोडव. आईचं वय मुलीच्या तिप्पट आहे. पाच वर्षांनी दोघींच्या वयांची बेरीज पन्नास होईल."

तिने खडू हातात घेतला. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं, ती नुसती उभी. मी तोंड उघडलं तर मीच सांगितलं म्हणतील, म्हणून ओठ दाबून धरले. आता हिचं शिक्षण संपलं, आणि तेही माझ्या आगाऊपणामुळे.

मग ती वळली.

"सर, तुम्ही विचारलंत कुठे? आईचं वय शोधायचं का मुलीचं?"

मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "मुलीचं."

तिने नीट मांडून 'दहा' लिहिलं. मुख्याध्यापकांनी गुणपत्रक ओढलं आणि तिच्या बावन्न गुणांपुढे सही केली.